माझ्या पाठीवरचा लाल ठिपका

मित्रांनो, आधी एक सांगते, घाबरू नका. माझ्या पोटात काडतूस नाही, माझं तोंड जमिनीकडे आहे आणि मी कपाटात कुलपाआड उभी आहे. मी बारा बोअरची शिकारीची बंदूक. वय बेचाळीस, रंग काळा, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. म्हातारी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण म्हातारपणी माझ्या पाठीवर चष्मा चढला आणि पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईने माझा दस्ता तेलाने इतका चोळला की मला गुदगुल्या झाल्या. मग एका माणसाने मला वाळूच्या ढिगात एकदाच उडवून पाहिलं आणि मान डोलावली. झालं, माझं शिक्षण संपलं! आगगाडीने मी आयोवाला आले. तिथे आर्डन ट्वेट नावाच्या एका उंच, लाजऱ्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको लव्हॉन म्हणाली, "मला वाटलं, तू पडदे आणायला गेला होतास!" पडदे पुढच्या वर्षी आले.

तेव्हापासून आमचं वर्षाचं चक्र ठरलेलं होतं. मक्याची कापणी झाली की माझ्या पोटात बारीक छर्रे भरायचे आणि कुंपणाकडेच्या गवतातून लांब शेपटीचे रानकोंबडे उठवायचे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांची शिकार उघडली की छर्रे काढून एकच जाड शिशाची गोळी असलेलं काडतूस भरायचं. माझ्या नळीच्या टोकावर पितळेचा एक मणी होता. त्या मण्यावर नेम धरायचा, बाकी काही नाही. आर्डनला तेवढं पुरायचं. "आर्डनची बंदूक मुकाट्याने काम करते," असं सगळे म्हणायचे आणि मी अंगभर फुगायचे.

सुख नेहमीच होतं असं नाही. एका वसंतात तो मला दुधाच्या कोठीत विसरला. तिथल्या ओलीने माझ्या नळीवर त्याच्या चार बोटांचे गंजाचे ठसे उमटले. ते अजून आहेत. त्याबद्दल मी त्याला माफ केलंय, पण विसरलेले नाही.

खरी पंचाईत आर्डन सत्तरीला आल्यावर झाली. त्याला दूरचं हरीण दिसायचं, पण नळीवरचा मणी दिसेना. मणी दिसला तर हरीण धूसर. गेल्या हिवाळ्यात तीन हरणं समोरून गेली आणि त्याने मला खांद्याला लावून पुन्हा खाली घेतलं. "वारा उलटा होता," असं त्याने घरी सांगितलं. लव्हॉनने फक्त त्याच्या हातातली कॉफीची किटली काढून घेतली, कारण तो कपाच्या शेजारी ओतत होता.

आता तुम्हाला मार्जीनबद्दल सांगायला हवं. मार्जीन ही आर्डनची धाकटी बहीण. वय सहासष्ट, उंची पाच फूट, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. आमच्या शिकारीच्या टोळीची म्होरकी तीच. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी मक्याच्या रानातून आरडाओरडा करत हरणं उठवायची, हे सगळं ती ठरवते. तिचा एक नियम आहे आणि तो काळ्या दगडावरच्या रेघेइतका पक्का आहे. शिकार उघडण्याच्या आदल्या रविवारी प्रत्येकाने साठ पावलांवर लावलेल्या जेवणाच्या कागदी ताटलीत तीन गोळ्या मारून दाखवायच्या. जाकीट, हातमोजे, टोपी सगळं घालून. तीन बसल्या तर जागा मिळते. नाही बसल्या तर बंदूक घरी ठेवायची आणि हाकाऱ्यांबरोबर रान उठवायला जायचं. फार वर्षांपूर्वी एक हरीण जखमी होऊन निसटलं होतं. दोन दिवस शोधूनही ते सापडलं नाही, आणि तेव्हापासून हा नियम आला.

आर्डनची जागा म्हणजे ओढ्याकडचा कोपरा. मका संपतो आणि कुंपण वळतं तिथे त्याचा बाप उभा राहायचा. नंतर बेचाळीस वर्षं आर्डन आणि मी उभे राहिलो. उन्हाळ्यात मार्जीन अंगणात येऊन म्हणाली, "आर्डन, तू माझा भाऊ आहेस म्हणून ताटली मोठी होणार नाही हं."

"मी कुठे म्हटलं मोठी कर?"

"तुझ्या डोळ्यांनी म्हटलं. तू मगाशी माझ्या कुत्रीला 'काय गं मार्जीन' म्हणालास."

दुसऱ्याच दिवशी आर्डनने मला गाडीत घातलं आणि आम्ही ओडेलच्या दुकानात गेलो. ओडेल हा बंदुकांचा कारागीर. आर्डनचा वर्गमित्र, आणि तोंडाचा फटकळ.

"ओडेल, हिला डोळा बसव," आर्डन म्हणाला.

"हिला की तुला?"

"दोघांत मिळून एक बसव."

मित्रांनो, त्या दिवशी माझी काय धांदल उडाली! ओडेलने माझी जुनी गुळगुळीत नळी काढली आणि गोळीसाठी खास बनवलेली नवी नळी बसवली. तिच्या आत गोलगोल फिरत जाणारे चर होते. गोळी त्यांतून भोवऱ्यासारखी फिरत निघते, म्हणजे भरकटत नाही. मग त्याने माझ्या पोलादी पाठीवर चार बारीक भोकं पाडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? भोकांतलं तेल त्याने पुसून काढलं, प्रत्येक स्क्रूला चिकट द्रवाचा थेंब लावला, आणि चारही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. त्यावर बसली एक छोटी, नळकांड्यासारखी काच. ओडेलने तिचं बटण फिरवलं, आणि काचेत लाल ठिपका उगवला. अगदी डाळिंबाच्या दाण्यासारखा!

"आता मणी नको, काही नको," ओडेल म्हणाला. "दोन्ही डोळे उघडे ठेव. ठिपका जिथे, गोळी तिथे. पण आधी शिकारीचं जाकीट घालून ये."

"ऑगस्ट चालू आहे रे!"

"डिसेंबरात बनियनवर उभा राहणार आहेस का? जाड जाकीट घातलं की दस्ता खांद्यापासून दोन बोटं पुढे जातो. काच कुठे सरकवायची ते मला आत्ता कळायला हवं."

मग आमचा आर्डन भर ऑगस्टात लोकरीचं जाकीट, नारिंगी टोपी आणि हातमोजे घालून दुकानात उभा राहिला. घामाच्या धारा लागल्या. ओडेल म्हणायचा "डोळे मीट, खांद्याला लाव, आता उघड," आणि काच केसभर पुढेमागे सरकवायचा. आठव्या वेळी आर्डनने डोळे उघडले आणि तो लहान मुलासारखा ओरडला, "दिसतोय! मान न हलवता दिसतोय!" मला तर आनंदाने उडावंसं वाटलं, पण भरलेली नव्हते.

निशाण बसवायला आम्ही ओडेलच्या मागच्या टेकाडावर गेलो. आधी पंचवीस पावलांवर. तीन गोळ्या मारायच्या, मगच काचेचा स्क्रू फिरवायचा. कट, कट, दोन घरं उजवीकडे. पुन्हा तीन. कट, एक घर वर. मग साठ पावलांवर. शेवटच्या तीन गोळ्या कॉफीच्या बशीत झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. आर्डनने माझ्या पाठीवर थाप मारली. बेचाळीस वर्षांत त्याने मला एवढ्या जोरात कधी शाबासकी दिली नव्हती.

निघताना ओडेलने बोट उगारलं. "एक लक्षात ठेव. काच हिच्या पाठीवर आहे आणि नळी वेगळी आहे. दोघींचं आत्ता लग्न लागलंय. नळी काढलीस की काडीमोड झाला समज. पुन्हा बसवलीस तर पुन्हा निशाण तपासायचं. आणि काडतुसं हीच वापरायची, दुसरी नाहीत."

"मी कशाला काढू नळी?" आर्डन म्हणाला.

कशाला? सांगते. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारच्या सणाच्या, सकाळी घरोघरी टर्की भट्टीत जाते, आणि आयोवातला माणूस दुपारपर्यंत रानकोंबड्यांमागे गेला नाही तर त्याला घास उतरत नाही. आर्डनने मार्जीनला शब्द दिला होता, की निशाण बसवलेली बंदूक रविवारपर्यंत कपाटाबाहेर निघणार नाही. तो सकाळी तीनदा कपाटापर्यंत आला आणि परत गेला. चौथ्यांदा त्याने माझी नवी नळी काढून जुनी गुळगुळीत नळी लावली. मला काय, मीही चळले! गवतावर दव गोठलं होतं, कोंबडे फडफडत उठत होते. आम्ही दोन मारले आणि शीळ घालत घरी आलो.

शनिवारी त्याने घाईघाईत नवी नळी पुन्हा चढवली. कुंपणाकडच्या गवतातली कुसळं आणि मक्याच्या पात्याचा एक तुकडा माझ्या पुढच्या कड्यात अडकला होता, तो त्याला दिसला नाही. नळी आवळणारी टोपी अर्धा फेरा आधीच अडली. त्याला वाटलं, बसली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, "अरे, ढिली आहे रे, ढिली आहे!" पण बंदुकीला बोलायची एकच रीत येते, आणि ती घरात चालत नाही.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे मार्जीनच्या कुरणात जमले. गवताच्या गासडीवर आर्डन बसला. साठ पावलांवर पांढरी ताटली. ठिपका ताटलीच्या मधोमध, स्थिर, सुंदर. ठो! गोळी ताटलीच्या डावीकडे फळीत. ठो! दुसरी वरच्या काठावर. ठो! तिसरी कुठे गेली ते फळीलाही कळलं नाही.

आर्डनचा चेहरा उतरला. "वारा आहे," तो म्हणाला. झाडाचं पानही हलत नव्हतं. मग म्हणाला, "काचेतली बॅटरी उतरली असेल." मग काडतुसं दमट झाली. मग हातमोजे जाड. सगळा दोष माझ्या नव्या डोळ्याचा! मित्रांनो, राग आला मला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथे तर कुसळ खरोखरच होतं आणि भलत्याच जागी शोधलं जात होतं.

मार्जीनने मला हातात घेतलं, उघडून रिकामं केलं, आणि माझी नळी धरून हलवली. टक. पुन्हा हलवली. टक टक.

"आर्डन, नळी कधी काढलीस?"

"नाही काढली."

"आईच्या गळ्याची शपथ घे."

"आई वारली तिला वीस वर्षं झाली."

"म्हणून तर घेशील." मार्जीनने कमरेवर हात ठेवले. "काल रात्री तुझ्या घरी मी साय घातलेला रानकोंबडा खाल्ला. दोनदा वाढून घेतला. तो कोंबडा काय घरात येऊन स्वतःच पातेल्यात झोपला?"

लव्हॉन दुसरीकडे बघायला लागली. आर्डन माझ्या दस्त्यासारखा तांबूस झाला. "काढली होती," तो म्हणाला. "गुरुवारी."

मार्जीनने नळीची टोपी सोडली, खिशातल्या रुमालाने कड्यातली कुसळं आणि पात्याचा तुकडा काढला, आणि टोपी पूर्ण आवळून मला त्याच्या मांडीवर ठेवलं. "बंदुकीचा दोष सापडला, म्हणून पुन्हा तीन. पण तू विचारल्यावर कबूल झालास. पुढच्या वेळी लपवलंस ना, तर बापाचा कोपरा गेला म्हणून समज. जन्मभर मक्यातून ओरडत फिरशील."

ऊन कलायला लागलं होतं. ठो, ठो, ठो. तिन्ही ताटलीत! आर्डनने डोक्यावरची टोपी हवेत फेकली आणि ती मार्जीनच्या कुत्रीने पळवली.

आणि मग तो शनिवार उजाडला. मित्रांनो, त्या पहाटेचं काय सांगू! थंडीने माझं पोलाद हाताला चिकटत होतं. मार्जीनच्या ओसरीवर कॉफी, लेफ्से म्हणजे लोण्यात भिजलेल्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, आणि दहा जणांची एकाच वेळी बडबड. उजाडता उजाडता आर्डन आणि मी कोपऱ्याकडे निघालो. कुंपणाशी त्याने नेहमीप्रमाणे मला रिकामं केलं, मगच तारेखालून सरकवलं. आणि पलीकडे ओढ्याच्या बर्फावर त्याचा पाय सटकला. तो धाडकन पडला. मी त्याच्या हातून उडाले आणि माझी काच दगडावर आपटली. ठण्!

आर्डनने उठून आधी मला पाहिलं, मग आपला गुडघा. नळी घट्ट होती. काच फुटली नव्हती, काठाला एक ओरखडा होता. ठिपका उगवला, तसाच लाल. पण तो पूर्वीच्याच जागी आहे की केसभर सरकलाय, हे नुसतं बघून कोणाला कळणार? मला माहीत होतं. ओडेलने घट्ट बसवलेला एकही स्क्रू हलला नव्हता. आर्डनने चौफेर पाहिलं. कोणी नव्हतं. त्याने काडतूस भरलं आणि कोपऱ्यात उभा राहिला.

मार्जीनचं शिंग वाजलं. मक्याच्या पलीकडून आरोळ्या सुरू झाल्या. आधी दोन माद्या आल्या आणि दूरून गेल्या. मग, देवा रे, तो आला! दहा टोकांची शिंगं, जाड मान, नाकातून वाफा. तो मक्याबाहेर येऊन पन्नास पावलांवर आडवा उभा राहिला आणि मागच्या आवाजाकडे कान लावून ऐकत राहिला. आर्डनने मला खांद्याला लावलं. ठिपका बरोबर हरणाच्या खांद्यामागे टेकला. आर्डनचं हृदय माझ्या दस्त्यावर धडधडत होतं. माझी तर प्रत्येक स्प्रिंग ताणली होती. मार रे! मी आहे ना! मार!

त्याचं बोट चापाकडे गेलंच नाही. त्याने मला हळूहळू खाली घेतलं. नराने शेपटी उभारली, एका उडीत कुंपण ओलांडलं आणि तो गेला.

थोड्या वेळाने मार्जीन मक्यातून धापा टाकत आली. "दिसला ना? तुझ्या दारात आणून उभा केला मी! झोपला होतास की काय?"

आर्डनने नाक पुसलं. "दिसला. ठिपकाही बसला होता. पण सकाळी ओढ्यात पडलो मी, आणि ही दगडावर आपटली. निशाण हललं असेल तर? तो पोटात गोळी घेऊन गेला असता." तो थांबला. "कोपरा काढून घ्यायचा तर घे."

मार्जीनने काचेच्या काठावरच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग ती म्हणाली, "चल, ताटली लावू."

कुरणात आर्डनने एकच गोळी मारली. ताटलीच्या मधोमध भोक पडलं, त्यात बोट जाईल एवढं. निशाण तसूभरही हललं नव्हतं.

"म्हणजे मारला असतास तर पडला असता," मार्जीन म्हणाली.

"हो."

"वाईट वाटतंय?"

"भयंकर!" आर्डन म्हणाला आणि खो खो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

मार्जीन हसली नाही. भोकाकडे बघत ती म्हणाली, "ते हरीण सापडलं नव्हतं बघ, दोन दिवस शोधून. माझी गोळी होती. आदल्या दिवशी माझी बंदूक पिकअपमधून खाली पडली होती. मी कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय." तिने ताटली फळीवरून काढली आणि घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवली. "दुपारी तूच उभा राहा कोपऱ्यात. मी रान उठवते."

आर्डनने बहिणीच्या टोपीवरचं मक्याचं पातं काढलं.

दुपारी एक मोठी मादी आली. ठिपका टेकला, बोट चापावर गेलं, आणि मी माझं सगळं आयुष्य त्या एका आवाजात ओतलं. ती जागच्या जागी पडली. तिला काही कळलंही नसेल. रानभर आरोळ्या उठल्या. सगळ्यांत मोठी मार्जीनची होती.

संध्याकाळी ओसरीवर सगळे जेवायला बसले, तरी आर्डन आला नाही. त्याने आधी माझी नळी पुसली, ओल टिपली, तेलाचं बोट फिरवलं, आणि चारही स्क्रू एकेक करून तपासले. लव्हॉन दोनदा हाक मारून गेली. मित्रांनो, तुमच्या घरीही वस्तू असतील. सायकल असेल, शिलाईचं यंत्र असेल, आजोबांचं घड्याळ असेल. त्यांना तेल द्या, ओलीत ठेवू नका. आणि हातून पडली तर लपवू नका, कोणी पाहिलं नसलं तरी सांगून टाका. आम्हाला सगळं माहीत असतं हो, पण आम्हाला बोलता येत नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागतं.